पहिल्या रांगेमागे

ते वारले तेव्हा कंपनीने वर्तमानपत्रात दिलेल्या निवेदनात त्यांच्यासाठी चार ओळी होत्या. सारं आयुष्य किराणा धंद्यात गेलं, माल उतरवण्यापासून सुरुवात करून मुख्य अधिकाऱ्याच्या खुर्चीपर्यंत पोचले, शिस्तीचे होते, पोकळी निर्माण झाली आहे. सोबतचा फोटो जुना होता. त्यात केस काळे आहेत आणि उजवा हात दुकानातल्या एका फळीवर टेकलेला आहे. फळीवरच्या साबणाच्या वड्या पट्टी लावून मांडल्यासारख्या सरळ रांगेत आहेत. फोटो ज्या दुकानातला, त्याचा निवेदनात उल्लेख नव्हता. ते दुकान आता नाही. ते वाचवणं एवढीच एक गोष्ट त्यांनी उघडपणे, चारचौघांत मागितली होती, आणि ते बुडालं ते त्या सरळ रांगेमुळे.

दुकानांमध्ये त्यांना काठसाहेब म्हणत. सकाळी दार उघडायच्या आधी प्रत्येक पाकीट, प्रत्येक बाटली, प्रत्येक डबा फळीच्या अगदी काठाला ओढून, नाव पुढे करून ठेवायचं, हा त्यांचा नियम. धंद्यात हे सगळेच करतात. भरलेली फळी दिसली की गिऱ्हाइकाचा हात सैल सुटतो. पण बाकीच्यांसाठी ते काम होतं, यांच्यासाठी खोड होती. कोणाच्या घरी गेले तरी बोलता बोलता काचेच्या कपाटातले कप पुढे ओढून ठेवत. "काठावर आण, काठावर आण," हे दिवसभर तोंडात. एकदा नव्याने लागलेला एक सेल्समन मागून पुटपुटला, "साहेब शाळेतही काठावरच पास झाले असणार."

ते त्यांना ऐकू गेलं. "झालो ना," मागे न वळता ते म्हणाले, "तीन विषयांत. आणि तुझ्या पगारावर सही मीच करतो. ओढ ती पेटी."

नियमाचा दुसरा अर्धा भाग समोरून दिसत नसे. माल भरताना जुना पुढे आणि नवा मागे हवा. ते झालंय की नाही हे पाहायला ते फळीपुढे उभे राहून बाही वर सरकवत आणि पहिल्या रांगेवरून हात आत घालत, कोपरापर्यंत, मागचा पत्रा बोटांना लागेपर्यंत. सगळ्यात मागचं पाकीट काढून तारीख वाचत. ती पुढच्यापेक्षा जुनी निघाली तर कोणाला एक शब्द न बोलता स्वतः अख्खी फळी खाली उतरवायला घेत. त्यापेक्षा त्यांनी शिव्या घातलेल्या परवडल्या असत्या, असं जुने लोक सांगतात. साहेब गुडघे टेकून फरशीवर तांदळाच्या पिशव्या मांडताहेत आणि आपण बाजूला हात बांधून उभे, हे दृश्य कोणालाच सोसत नसे.

त्यांच्या बायकोची आणि त्यांची ओळखही अशीच झाली. तेव्हा ते विशीत होते, जुन्या दुकानात पोती उतरवण्यावरून नुकते फळ्या भरण्यावर आले होते. ती शेजारच्या गल्लीतली, कॉलेजात शिकणारी. चहाच्या पुड्याला ओल लागली होती म्हणून बदलून घ्यायला आली. "मी एक पुडा परत द्यायला गेले," त्या सांगतात, "तर ह्यांनी अख्खं रॅक खाली काढलं. एकेक पुडा हुंगून बघताहेत. मी म्हटलं, अहो, मला दुसरा द्या आणि जाऊ द्या. तर म्हणे, थांबा, आणखी कोणाला असा गेला असेल तर? घरी यायला उशीर झाला म्हणून आईने झापलं ते वेगळंच."

पुढे ते त्या दुकानाचे मॅनेजर झाले, मग एका भागातल्या दुकानांचे प्रमुख, मग खरेदीचे, आणि शेवटी सगळ्या साखळीचे. प्रत्येक बढतीबरोबर त्यांची खोली एकेक मजला वर गेली. टेबल मोठं झालं, खिडकीतून दिसणारे ट्रक लहान झाले. टेबलावरचा पेपरवेट, पेनस्टँड, पाण्याचा ग्लास मात्र पुढच्या कडेला एका ओळीत असत, आणि समोर बसलेल्या माणसाला कोपर टेकायला जागा नसे.

सगळ्यांत पहिलं, जुनं दुकान हे त्यांचं हळवं ठिकाण होतं. तीनमजली इमारतीच्या तळाला, कोपऱ्यावर. मधोमध एक जाड खांब, त्याच्यामुळे काउंटरवरून बिस्किटांचं रॅक दिसत नसे. चोऱ्या हमखास तिथेच व्हायच्या, म्हणून त्यांनीच छताला गोल आरसा टांगला होता. मागच्या गोदामात साबण, पुठ्ठा आणि मसाल्यांचा मिळून एक वास, तो कपड्यांना लागून घरी यायचा. एका ट्रॉलीचं चाक कायम डावीकडे ओढायचं आणि नेहमीची गिऱ्हाइकं ती ट्रॉली सोडून दुसरी घ्यायची. कंपनीत यापेक्षा मोठी, चकचकीत दुकानं होती. यांचा जीव इथे होता.

मेकअप याच दुकानात जन्माला आला. ते इथे मॅनेजर असताना ट्रकवाल्यांचा संप झाला. तेलाची फळी मोकळी पडली. त्यांनी शेजारच्या मिठाच्या पिशव्या मागून काढल्या आणि एकेरी रांगेत तेलाच्या जागेवरही पसरवल्या. मग पिठाचं तसंच, साखरेचं तसंच. अर्ध्या तासात दुकान भरलेलं दिसायला लागलं. प्रत्येक रांगेच्या मागे नुसती हवा. सेल्समन मंडळींनी त्याला मेकअप नाव दिलं. त्यांनी ते हसून मान्य केलं, पण एक अट घातली. "मेकअप एका दिवसाचा. दुसऱ्या दिवशी ट्रक आला नाही तर तोंड धुवायचं आणि गिऱ्हाइकाला सरळ सांगायचं, माल नाही."

हे सगळं त्यांनी ज्यांना हाताला धरून शिकवलं, त्यांत कॅश काउंटरवरची एक मुलगी होती. तिने पहिल्याच आठवड्यात त्यांना टोकलं होतं: "साहेब, हात घालताना घड्याळ काढून ठेवत जा. पट्ट्याच्या बकलाने पिशवी फाटते आणि तांदूळ मला झाडायला लागतात." त्या दिवसापासून ते घड्याळ खिशात टाकू लागले, आणि ती मुलगी फळ्यांवर आली. बऱ्याच वर्षांनी ती त्या दुकानाची मॅनेजर झाली. तिला सगळे मॅनेजरबाई म्हणतात, अजूनही.

मग कंपनी विकली गेली. नव्या मालकांनी काठसाहेबांना खुर्चीत ठेवलं, पण शेजारच्या खोलीत आपला माणूस बसवला. तरुण, नम्र, हातात कायम शाळेतल्या पाटीसारखा टॅब्लेट. दुकानांमध्ये त्याचं नाव पाटीवाला पडलं. पाटीवाल्याच्या यादीत जुनं दुकान पहिलं होतं. जागा लहान, गाड्या लावायला सोय नाही, समोरच दुसऱ्या कंपनीचं भलंमोठं दुकान उघडलेलं. बंद करा, असं त्याचं म्हणणं. काठसाहेबांनी भांडून एक वर्ष मागून घेतलं. वर्षभर विक्री बघा, पडली तर करा बंद.

ते मिळाल्यावर ते जुन्या दुकानात गेले. प्लास्टिकच्या उलट्या क्रेटवर उभे राहिले, कारण त्यांची उंची बेताची होती आणि मागे उभ्या असलेल्या बायकांना दिसत नव्हतं. "मी खुर्चीत आहे तोवर," ते म्हणाले, "हे शटर भरदिवसा खाली येणार नाही. तुम्ही फक्त दुकान भरलेलं ठेवा."

"क्रेट मोडेल, साहेब, उतरा," कोणीतरी ओरडलं. सगळे हसले. मॅनेजरबाई सांगतात, त्या हसल्या नाहीत. दुकान बंद झालं तर या सगळ्यांना तोंडावर सांगणं त्यांच्याच वाट्याला येणार होतं.

वर्ष निम्मं व्हायच्या आत गोदामाचा घोळ झाला. नव्या मालकांनी जुनी गोदामं मोडून शहराबाहेर एक प्रचंड गोदाम बांधलं होतं. तिथल्या संगणकाला माल कुठे ठेवलाय हे सापडेना. एकीकडे साबण पडून होता, दुसरीकडे साबणासाठी दुकानं ओरडत होती. ट्रक निम्म्यावर आले. कोणत्या दुकानाला ट्रक जायचा हे मग काठसाहेब स्वतः ठरवू लागले. दर शनिवारी ड्रायव्हरला घेऊन दुकानं फिरायची, डोळ्यांनी बघायचं, आणि सोमवारी गोदामाला सांगायचं. त्यांचा संगणकावर विश्वास नव्हता. डोळ्यांवर होता.

"बाकीचे मॅनेजर पक्के होते," ड्रायव्हर सांगतो. तो त्यांच्याकडे इतकी वर्षं होता की त्यांच्या खोकल्यावरून मूड ओळखायचा. "साहेब यायचे कळलं की असलेला मालसुद्धा आत टाकायचे. फळ्या उघड्या. आणि मग तोंडाला पदर लावल्यासारखं, साहेब मेलो, साहेब गिऱ्हाईक शिव्या घालतं. जो जास्त रडला त्याला ट्रक."

मॅनेजरबाईंना रडणं जमलं नाही. शनिवारी बऱ्याचदा पाटीवालाही बरोबर असे आणि उघड्या फळीचा फोटो काढून टॅब्लेटमध्ये टाकत असे. हे दुकान तर त्याच्या यादीत आधीच वर होतं. त्याला एक रिकामी फळी दिसली तर संपलं, असं त्यांनी धरलं. शिवाय साहेबांसमोर, साहेबांनीच शिकवलेलं दुकान उघडंबोडकं दाखवायचं? त्या शनिवारी सकाळी त्यांनी सगळ्यांना लवकर बोलावलं आणि म्हणाल्या, "आज मेकअप."

काठसाहेब आले. दारातच थांबले. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही भोक नाही, सगळं काठावर, नावं पुढे. ते पाटीवाल्याकडे वळून म्हणाले, "बघा. याला म्हणतात दुकान चालवणं. बाकीचे नुसते रडतात." खांबाला वळसा घालून, बिस्किटांच्या रॅकवर एक नजर टाकून ते निघाले. हात खिशातच होते.

सोमवारी ट्रक दुसरीकडे गेला. ज्यांच्याकडे नाही त्यांना आधी द्यायचं, हा हिशेब चुकीचा नव्हता. मॅनेजरबाईंनी गोदामात फोन केला.

"तुमच्याकडे माल आहे, बाई."

"कोण म्हणतं?"

"साहेब म्हणतात. स्वतः बघून गेलेत."

त्यांनी साहेबांना फोन करायला हवा होता. त्या स्वतःही तसंच म्हणतात. पुढच्या शनिवारी पुन्हा मेकअप करावा लागला, आणि आता तो न करणं म्हणजे मागच्या शनिवारी काय केलं ते सांगणं होतं. एका दिवसाचा मेकअप रोजचा झाला. रिकामी खोकी तोंड चिकटवून मागे उभी केली, पुढे खरी. दुकानातली माणसं सकाळी येऊन हात धुवायच्या आधी रांगा ओढू लागली आणि आपसांत त्याच्यावर विनोद करेनाशी झाली.

गिऱ्हाइकांच्या ते आधी लक्षात आलं. पिठाची पिशवी उचलली की मागे पत्रा. एक नेहमीच्या आजी भर दुकानात म्हणाल्या, "अगं, हे काय, नाटकाचा पडदा लावलाय का?" दोन साबण हवे तर एकच. मग माणसं रस्ता ओलांडून समोर जाऊ लागली. डावीकडे ओढणारी ट्रॉलीसुद्धा दिवसभर दाराशी पडून राहू लागली.

वर्षअखेरची बैठक मालकांसमोर झाली. तिथे बसलेल्या एका अधिकाऱ्याला ते बोलणं अजून पाठ आहे. पाटीवाल्याने विक्रीचा आलेख भिंतीवर दाखवला. जुन्या दुकानाची रेघ जिना उतरावा तशी खाली आली होती.

"माल कमी पडला असेल," दुसऱ्या कोणीतरी म्हटलं.

काठसाहेब उसळले. "माल कमी? सगळ्यांत भरलेलं दुकान आहे ते. मी दर शनिवारी या डोळ्यांनी बघतोय. एक फळी रिकामी नाही."

"मला तेच म्हणायचंय, सर," पाटीवाला शांतपणे म्हणाला. "बाकीच्या दुकानांत माल नाही म्हणून विक्री नाही. इथे माल आहे आणि तरी विक्री नाही. म्हणजे लोकांना ते दुकानच नकोय."

काठसाहेबांनी पाण्याचा ग्लास टेबलाच्या कडेला ओढला, पण प्यायले नाहीत.

बैठकीतून ते थेट गाडीत बसले आणि जुन्या दुकानात गेले. शनिवार नव्हता. दुपारची वेळ, दुकानात जेमतेम चार गिऱ्हाइकं. ड्रायव्हर पाण्याची बाटली घ्यायला त्यांच्या मागोमाग आत गेला, म्हणून त्याने ते पाहिलं. साहेब साखरेच्या फळीपुढे उभे राहिले. घड्याळ काढून खिशात टाकलं. बाही वर केली आणि पहिल्या रांगेवरून हात आत घातला. हात कशालाही न अडता जात राहिला. पत्रा लागल्याचा आवाज ड्रायव्हरला ऐकू आला. साहेबांनी हात बाहेर काढला नाही. तसेच, फळीत कोपरापर्यंत अडकल्यासारखे उभे राहिले.

मॅनेजरबाई गोदामातून बाहेर आल्या.

"कधीपासून?" साहेबांनी विचारलं.

"ट्रक बंद झाला तेव्हापासून."

"मला सांगायचं नाही?"

"तुम्ही हात घालाल असं वाटलं होतं, साहेब," बाई म्हणाल्या. "दर शनिवारी वाटायचं. आज घालतील, आज घालतील. घातला असता तर मला बोलावं लागलं नसतं."

हात का घातला नाही, याची तीन उत्तरं मिळतात. बायको म्हणते, त्या वर्षी त्यांचा उजवा खांदा आखडला होता, सदरा घालताना तोंड वाकडं व्हायचं, पण ऑफिसात कळू द्यायचं नव्हतं. ड्रायव्हर म्हणतो, कसला खांदा, बाकीच्या दुकानांत डाव्या हाताने तपासायचेच की. इथे तपासणं म्हणजे बाईंवर अविश्वास, म्हणून नाही. मॅनेजरबाई म्हणतात, त्यांना दुकान भरलेलं हवं होतं आणि ते भरलेलं दिसत होतं. तिन्ही उत्तरं एकाच वेळी खरी असायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी ते मालकांसमोर पुन्हा गेले. म्हणाले, दुकानात माल नव्हता, चूक माझी, ट्रक मी पाठवले नाहीत. तीन महिने माल द्या आणि मग विक्री मोजा. बाईंचं नाव त्यांनी घेतलं नाही, मेकअपचंही नाही.

"काल तर म्हणालात एक फळी रिकामी नाही," मालक म्हणाले.

"मला दिसलं नाही."

"तुम्हाला? फळी बघायला तुम्ही चुकलात?" मालक हसले, वाईट हेतूने नव्हे. म्हातारा जुन्या दुकानासाठी खोटं बोलतोय, आणि तेही धड जमत नाहीये, असं सगळ्यांना वाटलं. चार दशकांची ख्याती आडवी आली. त्यांच्या नजरेबद्दल इतके किस्से त्या इमारतीत फिरत होते की ती चुकली हे कोणी मानायला तयार नव्हतं.

शटर भरदिवसा खाली आलं. ते तेव्हा खुर्चीतच होते. दुकानातली माणसं दाराशी उभी राहिली होती. साहेब येतील, दोन शब्द बोलतील, निदान बाईंच्या बाजूला उभे राहतील, अशी वाट बघत. ते आले नाहीत. काहींना दुसऱ्या दुकानांत घेतलं, बऱ्याच जणांना नाही. मॅनेजरबाईंना लांबच्या दुकानात कॅश काउंटर देऊ केला गेला, म्हणजे जिथून सुरुवात केली तिथे. त्या रस्ता ओलांडून समोरच्या मोठ्या दुकानात नोकरीला लागल्या. काठसाहेबांशी त्या नंतर कधी बोलल्या नाहीत. "दुकान गेलं त्याचं नाही," त्या म्हणतात. "दुकानं जातात. त्या दुपारी मी एकटी उभी होते, त्याचं."

काठसाहेबांनी काही महिन्यांनी खुर्ची सोडली. निरोपाच्या भाषणात पाटीवाल्याने त्यांना चालतीबोलती संस्था म्हटलं. ते घरी आले आणि स्वयंपाकघराची लांब, वरची फळी ताब्यात घेतली. बायकोचे गुडघे गेलेले. तिला चढून काही काढणं शक्य नव्हतं, समोर खुर्ची टाकून ती भाजी निवडायची. वाणसामान आणणं आणि लावणं हे त्यांचं खातं झालं. साखर, चहा, मीठ, पीठ, साबण, सगळं काठावर, नावं पुढे. मुलगी परगावी असते. ती आली की म्हणायची, "आई, तुझ्या घरात खरेदी करून बिल मागावं असं वाटतं." ते रोज पिशवी घेऊन बाहेर पडत. घराजवळ, जुन्या दुकानासमोर उघडलेल्या त्या कंपनीची एक शाखा होती. तिथे त्यांनी कधी पाऊल ठेवलं नाही. चालत लांब, आपल्या कंपनीच्या दुकानात जात. तिथल्या लोकांना ते ओळखू येत नसत. फळीत हात घालणारा एक म्हातारा, एवढंच.

शेवटच्या वर्षी हृदय थकलं. पावलं सुजली. तरी पिशवी घेऊन जाणं थांबलं नाही. "तासाभराने यायचे," बायको सांगते, "आणि पिशवीत एक पाकीट. कधी तेही नाही. मी म्हणायचे, एवढंच? तर म्हणायचे, घरात भरपूर आहे, बघ की. मी बघायचे. भरपूर दिसायचं." एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या ते गेले. पिशवी घडी करून मांडीवर होती.

मॅनेजरबाईंना फोन ड्रायव्हरने केला. बातमी दिल्यावर तो म्हणाला, "बाई, शटर पाडलं त्या दुपारी साहेब आले होते. गाडी समोरच्या दुकानाच्या दारात उभी केली होती मी. म्हटलं, साहेब, उतरू या? म्हणाले, नको, काच वर घे. तुम्ही कुलूप लावेपर्यंत बसले होते."

"आता का सांगतोस?"

"तेव्हा सांगू नको म्हणाले होते."

गर्दी ओसरल्यावर बाई साहेबांच्या बायकोला भेटायला गेल्या. दोघी जरा वेळ बसल्या. मग बायको म्हणाली, "चहा टाक गं दोघींना. मला उठवत नाही. साखर वरच्या फळीवर आहे, ह्यांच्या राज्यात."

बाईंनी फळी पाहिली आणि क्षणभर त्यांना आपण कुठे आहोत ते कळेना. एकही भोक नाही. त्यांनी साखरेच्या पाकिटाकडे हात नेला आणि सवयीने तो आधी मागे गेला. मागे भिंत होती, गार. चहाच्या पुड्यामागे भिंत, मिठामागे भिंत. बिस्किटांचा एक पुडा रिकामा होता, तोंड नीट दुमडून उभा केलेला. बाईंनी साखर घेतली, चहा केला, कप धुऊन ठेवले आणि निघाल्या.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर त्या दोन जड पिशव्या घेऊन आल्या. "स्वयंपाकघर जरा आवरते, काकू," म्हणाल्या. स्टुलावर चढून त्यांनी साहेबांची रांग तशीच राहू दिली आणि मागची जागा भिंतीपर्यंत भरली.

बायकोला ते कळायला काही दिवस गेले. मुलीने काढून दिलेल्या मिठाच्या पाकिटावर समोरच्या कंपनीचं लेबल होतं. "ह्यांनी त्या दुकानातून काडेपेटी आणली नसती," त्या म्हणतात आणि हसतात. मग हसू विरतं. "मी इथे बसून रोज बघत होते हो. फळी समोर. एकदा मुलीला म्हटलं असतं, बघ गं मागे, तरी झालं असतं."

मॅनेजरबाईंना याबद्दल त्यांनी विचारलेलं नाही. बाई सुट्टीच्या दिवशी येतात, हातात पिशवी असते, आणि ती कसली हा विषय कोणी काढत नाही. काकू खुर्चीतून सांगतात, साखर काढ गं. बाई पुढचं पाकीट घेतात. मग त्याच्या मागचं काठावर ओढतात.